दाजींची वजाबाकी

मी एकदा एका अख्ख्या लॉटमधल्या कूलरांची दारं त्यांच्या चौकटींपेक्षा मोठी कापली.

यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. दार सहाशे मिलीमीटर रुंद हवं होतं आणि दोन्ही अंगांना वीस-वीसची कड आत वळवायची होती. सहाशे, वीस आणि वीस, सहाशे चाळीस. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे ही बेरीज नव्या कॅलक्युलेटरवर दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा उत्तर सारखंच आलं. मग बिनधास्त पत्रा कापला. आमच्या बेंडिंग मशीनवरच्या गजूने कडा वळवल्या, आणि दार चौकटीत जाईना. गजूने आधी हाताने दाबलं, मग गुडघा लावला, मग पाठ लावली. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "मालक, असं करू. कूलर अंगणात ठेवू आन दार घरात."

त्या दिवशी दाजी पाहुणे म्हणून दुकानात आले होते. दाजी म्हणजे मधुकरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयटीआयमध्ये पोरांना पत्राकाम शिकवण्यात सगळी नोकरी गेली आणि नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी शांतपणे चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली आणि विचारलं, "कोणं कापलं?"

गजूने हनुवटीनेच माझ्याकडे खूण केली.

माझ्या टेबलावर त्या नव्या कॅलक्युलेटरचं खोकं पडलं होतं ते दाजींनी उचललं, नखाने त्याचा डिंक सोडवला, चारही बाजू उघडल्या आणि ते टेबलावर सपाट पसरलं. बाळाला तेल लावावं तसा त्याच्यावरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "आधी उलगडा. मंग बोला."

"काय उलगडू?"

"साळेबुवा, पत्रा वाकवला का बाहेरून ताणते, आतून दबते. तुमी मापं घेतली बाहेरून. म्हणजे हरेक कोपरा इकूनही मोजला आन तिकूनही मोजला. बेंड खाते, साळेबुवा, बेंड खाते! ह्या जाडीले एका बेंडामांगं दोन मिलीमीटर वजा. दोन बेंड, चार वजा. सहाशे छत्तीस कापा लागत होतं."

"चार मिलीमीटरनं असं काय होते?" मी म्हणालो.

दाजींनी बाहेर पडलेल्या दारांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेच तं पाहून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायला गेलो, तर दाजी पायरीवर बसलेले. मांडीवर काटकोन बघायचा स्वतःचा गुण्या, खिशात स्वतःचा खडू. मी बोलावलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. तेव्हापासून संग्रामपूरच्या आमच्या त्या दुकानात, जिथे कूलर, कोठ्या, गव्हाणी आणि पेरणी यंत्राच्या बियाणं टाकायच्या पेट्या तयार होतात, पत्रा किती कापायचा हे दाजी ठरवतात.

आता जावई दुकानात कामाला असणं म्हणजे काय, हे ज्याच्याकडे नाही त्याला कळायचं नाही. नोकराला रागावता येतं, भागीदाराशी भांडता येतं. जावयाला फक्त चहा देता येतो. आमची आई घरातून रोज एकच सूचना देते, "जवायाले आवाज चढवायचा नाही." दाजी उशिरा आले तर "या या", लवकर गेले तर "सांभाळून जा". त्यांनी माझ्या खुर्चीत बसून माझ्या गिऱ्हाइकाला "मालक कोणाले म्हणता, हा तं आमचा साळा हाय" असं सांगितलं, तरी मी हसायचं. मी हसतो. हसून हसून माझे गाल दुखतात.

दाजींना जगातली कुठलीही वस्तू आहे तशी पाहवत नाही. ती सपाट असताना केवढी होती, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. औषधाचं खोकं घरात आलं की गोळ्या ताटलीत आणि खोकं सपाट. साबण उघडा पडतो, त्याचं वेष्टन दाजींच्या खिशात. धोंड्याच्या महिन्यात आईने जावयाला वाण म्हणून अनारसे दिले, छानशा पुठ्ठ्याच्या पेटीत, वर जरीची फीत. आई कुंकवाचा करंडा आणायला आत गेली, तेवढ्यात दाजींनी अनारसे माझ्या ओंजळीत ठेवले आणि पेटी उलगडली. आई बाहेर आली तर जावयाच्या हातात सपाट पुठ्ठा आणि मुलाच्या हातात जावयाचे अनारसे. कुंकू कोणाला लावावं हा तिला प्रश्न पडला.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर कहर झाला. मुलाकडच्यांनी पेढ्यांची आठ कोनांची पेटी आणली. दाजींची नजर तिच्यावर पडली. मी डोळ्यांनी खुणावलं, हात जोडले. उपयोग शून्य. पेढे विहिणीच्या रुमालावर गेले आणि दाजी सोफ्यावर पेटी पसरून व्याह्यांना सांगायला लागले, "पाहा, सारी एकाच कागदाची. कुठी जोड नाही. असं डोकं पाह्यजे." व्याही घरंदाज माणूस, त्यांनी मान डोलावली. मान डोलावताना त्यांचं भलंमोठं वाकडं नाक बाजूने दिसलं. दाजी माझ्या कानाशी आले आणि ज्याला ते कुजबुज म्हणतात त्या आवाजात बोलले, "देवानं बेंडाचं वजा नाही केलं."

लग्न झालं, हे व्याह्यांचं मोठेपण.

माझ्याबद्दल त्यांचं मत वेगळं नाही. मी शर्टाची बटणं लावताना एकदा त्यांनी माझ्या पोटाकडे बघून गजूला विचारलं होतं, "हे जर उलगडलं, तं टेबलावर मावीन का?" गजूने पोटाकडे आणि टेबलाकडे पाळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "दोन टेबलं जोडा लागतीन."

दाजी संग्रामपूरला एकटेच राहतात. असा माणूस बायकोबरोबर का राहत नाही, हे तुमच्या मनात आलं असेल. ताई पुण्याला आहे. भाचा आणि सून दोघंही नोकरी करतात, नात लहान, म्हणून तिला जावं लागलं. रिटायर झाल्यावर दाजीही गेले होते. पण त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर धूर ओढायची चिमणी होती, पत्र्याची, तिरकी, चकचकीत. दाजींनी दोन दिवस स्वतःला आवरलं. तिसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं पाहून ते पेचकस घेऊन स्टुलावर चढले. सून संध्याकाळी आली तेव्हा चिमणी फरशीवर पसरलेली होती आणि दाजी तिच्याभोवती खडूने रेघा मारत होते. "हिचा खालचा घेर यांनी वाया घालवला पाहा," ते सुनेला म्हणाले. चिमणी परत पहिल्यासारखी झाली नाही. सून काही बोलली नाही, आणि सुना काही बोलत नाहीत तेव्हा काय होतं ते आपल्याला माहीत आहे. दाजी संग्रामपूरला परत आले. घर उघडलं, एकट्याचा स्टोव्ह पेटवला. दुपारचा डबा आमच्याकडून जायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पुण्यात करमत नाही. साऱ्या वस्तू तयार येतात."

आणि मग ते फोन सुरू झाले.

दाजी पत्रा टेबलावर पसरायचे, गुण्या लावायचे, खडू कानावर ठेवायचे आणि खिशातून मोबाइल काढून स्पीकरवर ताईला लावायचे. माप कोणतंही असो, कितीही सोपं असो, पत्रा कापायच्या आधी पुण्याला विचारल्याशिवाय कात्री उचलायची नाही.

"ऐकून राह्यली का?"

"सांगा." पलीकडे कुकरची शिटी, नातीचं रडणं, कुठेतरी ड्रिलचा आवाज.

"कूलरची खालची टाकी. बुड साडेपाचशे. दोही अंगानं शंभर-शंभर उभं. वरून पंधरा-पंधराची कड."

"किती बेंड? चार?"

"चार."

ताईचा तोंडी हिशेब, "सातशे बाहत्तर."

"सातशे बाहत्तर. ठेवतो."

बस. संपला संवाद. जेवलीस का नाही, तब्येत कशी नाही, नात काय म्हणते नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस बायकोला फोन करतो आणि 'ठेवतो' यापलीकडे एक जिव्हाळ्याचा शब्द बोलत नाही. मी गजूला म्हणायचो, "हा फोन आहे की चौकशी खिडकी?" गजू गिऱ्हाइकांना सांगायचा, "थांबा हो भाऊ, तुमचं माप पुण्याहून येऊन राह्यलं."

ताईला हे सगळं येतं यात नवल नव्हतं. दुकान मूळ आमच्या बाबांचं. बाबा पत्रा पसरायचे आणि मापासाठी ताईला हाक मारायचे. मी तेव्हा कुठे असायचो हे विचारू नका. बाबांनी मला कॉमर्सला घातलं आणि ताईला आयटीआयच्या मास्तराला दिलं. दोन्ही निर्णय दुकानाला महागात पडले.

मला नवल वाटायचं ते दाजींचं. जन्मभर फळ्यावर हेच गणित शिकवलेला माणूस साडेपाचशेत दोनशे मिळवायला पुण्याला फोन करतो, याचा अर्थ मी सरळ लावला. रिटायर झाल्यावर काहींचे गुडघे जातात, दाजींची वजाबाकी गेली. मी बायकोलाही तसं सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं तिला पटलं.

तरी हे सगळं चाललंच असतं. पण मग झाकणांचा प्रकार घडला.

वडनेर भोलजीच्या तुकारामभाऊंनी पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या पेट्या सांगितल्या होत्या. मृगाच्या आत हव्या होत्या. पेट्या झाल्या, झाकणं राहिली. झाकण म्हणजे वरचा तीनशेचा पत्रा, दोन्ही अंगांना पंचवीसची कड खाली, आणि तिलाच पुन्हा दहाची कड आत, म्हणजे पेटीच्या काठावर ते सरकून घट्ट बसतं. दाजी पत्र्यासमोर उभे राहिले आणि ओठातल्या ओठात पुटपुटले. मी बाजूलाच होतो. मला स्पष्ट ऐकू आलं, "तीनशे बासष्ट." मग त्यांनी फोन लावला.

त्या दिवशी पलीकडे नातीने आकाशपाताळ एक केलं होतं. शिट्यांवर शिट्या. ताईने घाईत ऐकलं, घाईत हिशेब केला आणि म्हणाली, "तीनशे सहासष्ट."

दाजी थांबले. त्यांनी फोनकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "हाव. तीनशे सहासष्ट. ठेवतो."

आणि त्यांनी अख्खा लॉट तीनशे सहासष्टने कापला.

झाकणं झाली. पेटीवर बसवली तर बसायच्या ऐवजी ती नाचायला लागली. हलवलं की खडखड. शेतात नेलं असतं तर पहिल्या गचक्यालाच अर्ध्या सऱ्यांना बियाणं एकदम आणि अर्ध्यांना काहीच नाही. तुकारामभाऊ पेट्या न्यायला ट्रॅक्टर घेऊन आलेले. त्यांनी एक झाकण उचलून कानाशी खुळखुळवलं.

"हे काय बे? पेरणी करा लागते, भजन नाही करा लागत."

"दोन दिवस द्या," मी म्हणालो.

"तुले दोन दिवस देतो. पण मृगाले कोण सांगीन?"

खामगावहून नवा पत्रा आणला, सगळी झाकणं पुन्हा केली. जुन्या झाकणांचा ढीग मागच्या भिंतीला लावला. दाजी एवढंच म्हणाले, "माह्यी चूक झाली." मला ओरडायचं होतं. मी म्हणालो, "असू द्या दाजी. चहा घेता?"

गजूने मात्र ते सोडलं नाही. "दाजीनं तं आधी तीनशे बासष्ट म्हटलं होतं. म्या ऐकलं ना."

"मग सहासष्ट का कापलं?" मी दाजींना शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं.

दाजी खडूचं टोक घासत राहिले. "तिनं सहासष्ट सांगितलं," ते म्हणाले, जणू यानंतर बोलण्यासारखं काही उरतच नाही.

एखाद्या शहाण्या माणसाला इथे काहीतरी उमगलं असतं. मला उमगलं ते असं, की या घोटाळ्याचं मूळ फोन आहे. फोन बंद केला की झालं. मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत तरी विचार केला आणि मोबाइलवर एक ॲप शोधून काढलं. पत्र्याची जाडी टाका, बाजू टाका, किती बेंड ते टाका, सपाट पत्रा किती कापायचा ते उत्तर तयार. फुकट, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी स्वतःवर इतका खूश झालो की सकाळी दाजींच्या फोनमध्ये ते टाकून देताना पेढे मागवले.

"हे काय?"

"ॲप आहे दाजी. टाका काहीही."

दाजींनी चष्मा नीट केला आणि एका बोटाने सहाशे, वीस, वीस टाकलं. पडद्यावर आलं, सहाशे छत्तीस.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय," दाजी म्हणाले. पोरगा नापास झाल्याचं कोणी सांगावं आणि बापाने "बरं" म्हणावं, तसे ते म्हणाले.

"आता ताईला उठसूट त्रास नाही. तिच्या मागे किती कामं."

"तरास," दाजी म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

पण ते सहजासहजी हरणारे नव्हते. सोनाळ्याचा एक शेतकरी साधी गव्हाण सांगून गेला. दाजींनी तिच्या कडेला एक बेंड दिला, त्यावर उलटा बेंड, मग पायरी, मग पुन्हा आत वळण. शेतकरी गव्हाण न्यायला आला आणि तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"बाप्पा! बैल खाईन का पाहात बसीन?"

"मजबुती येते," दाजी म्हणाले.

सगळे बेंड ॲपने मोजले होते. एका श्वासात. दाजींनी मग नरसाळं काढलं, खाली गोल, वर रुंद. ॲपमध्ये नरसाळ्याचं वेगळं पान निघालं. त्यांनी वरून चौकोनी आणि खालून गोल असं काहीतरी काढलं, जे जगात कोणालाच नको होतं. त्याचंही पान निघालं. दाजी त्या पडद्याकडे बघत राहिले. गजू म्हणाला, "दाजी, ह्याच्यावर अजून बेंड मारले तं वस्तूच नाही राह्यत, नुसते बेंड राह्यतात." दाजी हसले नाहीत.

त्यानंतर दुकान सुरळीत चालू झालं. माप पटकन, काप पटकन, चूक नाही, फोन नाही. मी दिवसभराचं काम दुपारी उरकलेलं बघायचो आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचो. कोणी दुकानात पेढे आणले तर दाजी एक पेढा उचलायचे, खायचे, पेटी तशीच राहायची. डबा अर्धा परत यायला लागला. मी बायकोला म्हणालो, "दाजींची भूक कमी झालीय. वय झालं आता." ती पुन्हा माझ्याकडे तशीच बघत राहिली. यावेळी मात्र मला वाटलं, तिला पटलेलं नसावं.

मग एका दुपारी माझ्या फोनवर ताई.

"काय रे, तुह्ये दाजी बिमार हायेत का?"

"नाही बुवा. ठणठणीत."

"मंग दुकानाले काम नाही का?"

"छे! उलट जोरात चालू आहे."

"मंग यांचा फोन काऊन नाही येऊन राह्यला?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. मी खुर्चीत सरसावून बसलो. "ताई, तुझी सुटका केली मी! त्यांच्या फोनात ॲप टाकून दिलं. आता सगळी वजाबाकी तेच करतं."

मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो?"

"माह्यी सुटका तुले कोणं मांगितली होती?"

"अगं, पण दाजींना आता वजाबाकी जमत नाही, तुला उगाच..."

"त्याईले वजाबाकी जमत नाही?" ताईचा आवाज एकदम चढला. "जिंदगीभर पोट्ट्यांले तेच शिकवलं त्या माणसानं. तुले खरंच असं वाटलं?"

"वाटलं बुवा."

"हे देवा," ताई म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "लग्न झालं तवापासून हा माणूस मले एक डाव बी 'कशी हायेस' म्हणला नाही. त्याच्या तोंडातून ते निघतच नाही. माप इचारते. मले आवाजावरून समजते ना, जेवला का नाही, गुडघा दुखून राह्यला का, तुह्याशी काही झालं का. आन मले बी इथं काय बे? आई, दूध कुठं हाय. आई, चावी कुठं हाय. मले जे येते ते दिवसभरात एकच माणूस इचारत होता."

मी गप्पच राहिलो असतो तर बरं होतं.

"एक डाव मले वाटलं का म्या चुकीचं सांगितलं," ताई पुढे म्हणाली. "कुकर झाला होता, पोरगी रडून राह्यली होती. संध्याकाळी म्या मुद्दाम फोन केला. तं हे म्हणे, नाही नाही, झाकण फस्कलास बसलं. तवा जीव खाली पडला माह्या."

"कुठलं बसलं ताई!" मी हसत म्हणालो. माझा स्वभावच तसा आहे, किस्सा दिसला की मला राहवत नाही. "सगळा लॉट वाया गेला! झाकणं नुसती नाचत होती. अजून मागच्या भिंतीला ढीग आहे. अन् गंमत म्हणजे दाजींनी आधी बरोबर माप म्हटलं होतं, गजूनेही ऐकलं. तू सहासष्ट म्हणालीस म्हणून त्यांनी सहासष्ट..."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी काय बोलतोय. पण वाक्य संपत आलं होतं, आणि मी संपवलं.

"...कापलं."

ताईच्या मागे नात कोणाशी तरी बडबडत होती.

"किती बेंड होते त्याले?" तिने विचारलं.

"चार."

"म्या दोनच वजा केले." तिने नाक ओढलं. हसली की काय झालं, ते फोनवर कळलं नाही. "माहीत असून कापलं त्याईनं?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. तिला नकोच होतं.

"यांले फोन दे."

दाजी मागच्या बाजूला पत्र्यासमोर उभे होते, ॲपवर बोट ठेवून. मी फोन पुढे केला. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग ॲप बंद केलं आणि खडू कानावर ठेवला.

"हा, बोल... नाही, तो काहीही सांगते... बसलं होतं म्हणलो ना झाकण... जराक ढिलं होतं, तेवढं चालते." मग ते ऐकता ऐकता एका हाताने समोरच्या पत्र्यावरची धूळ पुसत होते, जिथे अजिबात धूळ नव्हती. "गव्हाण हाय. साधीच. लिही... बुड साडेचारशे..."

मी तिथेच उभा. जावं की थांबावं ते कळत नव्हतं.

दाजींनी माझ्याकडे मान वळवली. "हाव, इथंच हाय," ते फोनमध्ये म्हणाले. "हाव, कान टवकारूनच." पलीकडून ताई काहीतरी बोलली. दाजींच्या मिशा हलल्या, कितीतरी दिवसांनी. त्यांनी फोन छातीशी धरला.

"साळेबुवा, तुमच्या बहिणीनं निरोप देला."

"काय?"

"म्हणते, त्याले सांगा, दुकान रोज उघडत जा, पण तोंड उघडत जाऊ नको."